वरातीमागून आलेला ताप

मी चौकशा करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातला मिक्सर बिघडला तर मी आधी तो उघडून बघते, मग दुकानात नेते. कधी कधी उघडल्यामुळेच न्यावा लागतो, ते सोडा. हिंदी मुलखातल्या खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरांमध्ये मी पाचवी ते आठवीच्या पोरांच्या विज्ञानाच्या ट्यूशन घेते, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगते की बाबा रे, उत्तर नाही आलं तरी चालेल, प्रश्न आला पाहिजे.

माझी मुलगी ओवी माझ्यावरच गेली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पाल भिंतीवरून पडत काहून नाही, चहात साखर जाते कुठे, मेलेल्या माणसाची नखं वाढतात का, असं दिवसभर चालायचं. मराठी तिला सगळी समजते, पण तोंडातून निघते ती हिंदी. माझ्या सासूबाई "मराठीत बोल वं माय" म्हणून म्हणून थकल्या.

आणि माझे यजमान प्रशांत म्हणजे बंद तिजोरी. ते फॅक्टरीत दारूगोळा भरायच्या सेक्शनला आहेत. तिथला पहिला नियम असा की आतली गोष्ट आतच ठेवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस दिवसभर नेमकं काय करतो ते मला माहीत नाही. मी विचारून विचारून हात टेकले, मग ओवीनं विचारायला घेतलं. संध्याकाळी त्यांची स्कूटर थांबली की ती दारात उभी. "पापा, आज क्या बनाया?" प्रशांत बूट काढता काढता गंभीर तोंडानं सांगायचे, "जलेबी." "कितनी?" "गिनी नहीं. अंदर की बात है." एवढं झाल्याशिवाय आमच्या घरात संध्याकाळ व्हायची नाही.

ज्यांचं लेकरू आत्ता काचेच्या पलीकडे मशीनवर आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहून राहिली आहे. औषधांचं काही सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर सांगतील. बाकी जे कोणी सांगत नाही, तेवढं सांगते.

हात थंड कसे?

कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत जवळपास प्रत्येक घरी खोकला येऊन गेला होता. ओवीला एक दिवस नाक गळलं, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झाडावर. आम्ही म्हटलं, चलो, सुटलो एकदाचे.

मग महिनाभरानं तिला ताप आला, आणि उतरायचं नावच घेईना. डोळे लाल झाले, ओठ फुटले, पोटात दुखायला लागलं. शेजारच्या दीदी म्हणाल्या टायफॉइड आहे, समोरचे भैया म्हणाले बाहेरचं पाणी प्यायली असेल. क्वार्टरमधल्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि उद्या परत दाखवा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तो सोडायलाच तयार नाहीत. कपाळ तव्यासारखं तापलेलं, आणि हात मात्र थंडगार.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ताप आहे तर हात थंड कसे?"

एरवी मला प्रश्न पडला की मजा वाटते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच प्रश्नानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, "घर मत जाइए. सीधे शहर, बड़े अस्पताल." प्रशांत कामावर होते. आत फोन नेता येत नाही, म्हणून गेटवर निरोप ठेवला आणि समोरच्या भैयांच्या गाडीतून ओवीला नेलं. गाडीत ती माझ्या मांडीवर होती. "मम्मी, एम्बुलेंस में लाइट नीली क्यों होती है?" असं तिनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत तिचे डोळे मिटले. त्यानंतर पुष्कळ दिवस तिनं मला काहीच विचारलं नाही.

घोडं

मुलांच्या आयसीयूचे डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिला आत घेऊन, नळ्या लावून ते बाहेर आले आणि पहिलं काय विचारावं? "महीना भर पहले घर में किसी को कोरोना हुआ था?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तोवर प्रशांत आले होते, सासूबाई आल्या होत्या. सासूबाईंना तेव्हा खोकला होता, पण तपासलं कोणी होतं?

रक्त तपासल्यावर कळलं, ओवीला कोरोना होऊन गेला होता. तो केव्हाच निघूनही गेला होता, त्याचा आता मागमूस नव्हता. पण त्याच्याशी लढायला उठलेलं तिचं शरीर खाली बसायलाच तयार नव्हतं. शत्रू गेला तरी फौज रस्त्यावर, आणि आता आपल्याच घरांवर दगड मारून राहिली. हृदय, फुप्फुसं, रक्ताच्या नळ्या, सगळ्यांना सूज. "दिल कमज़ोर पड़ रहा है. साँस की मशीन लगानी पड़ेगी," असं ते म्हणाले.

मी रडले नाही. मला तेव्हा रडायचं सुचलं नाही. मी विचारलं, "म्हणजे बीमारी जाने के बाद बीमारी आई?" ते म्हणाले, "ऐसा ही समझिए." माझ्या तोंडून निघून गेलं, "हे तर वरातीमागून घोडं झालं!" त्यांना मराठी कळत नव्हती. मी तशा अवस्थेत त्यांना म्हण समजावून सांगितली, की वरात निघून गेली आणि मग घोडं आलं. प्रशांत माझ्याकडे असे बघत होते की हिला वेड लागलं. पण डॉक्टर ऐकून घेत होते. मान हलवून म्हणाले, "हाँ. बस, ये घोड़ा बहुत तेज़ है."

दुसऱ्या दिवसापासून ते बाहेर येऊन आधी घोड्याचं सांगायचे. "आज घोड़ा थोड़ा और बिगड़ा है." "आज वहीं खड़ा है." रिपोर्टातले आकडे मला आता आठवत नाहीत, पण कुठल्या दिवशी घोडं कसं होतं ते सगळं आठवते.

काचेच्या आत

आत जायला दिवसातून थोडा वेळ मिळायचा, एका वेळी एकानं. गाऊन, टोपी, मास्क. अंगावरचं धातूचं सगळं काढायचं. मला बांगड्या काढायला सांगाव्या लागल्या. प्रशांतना काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी घड्याळ, अंगठी, पट्टा काढला, खिसे रिकामे केले आणि कोपरापर्यंत हात धुतले. आतल्या रजनी सिस्टर मंडल्याच्या होत्या. त्या म्हणाल्या, "भैयाजी, आप अस्पताल में काम करते हो क्या?" ते म्हणाले, "नहीं. पर हमारे यहाँ भी ऐसे ही अंदर जाते हैं." इतकं बोलले हेच खूप.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी ओवीला ओळखलंच नाही. अंगात पाणी साचून चेहरा फुगला होता, तोंडात नळी, ती चिकटपट्टीनं गालाला लावलेली. मी तिच्या कानामागचा तीळ शोधला. तीळ होता, म्हणजे माझीच होती. झोपेत नळी ओढू नये म्हणून हात मऊ कापडानं पलंगाला बांधले होते. ज्या पोरीला अर्धा तास एका जागी बसवता येत नव्हतं, तिचे हात बांधलेले.

तुम्ही असे आत गेलात तर घाबराल. घाबरा, त्यात लाज कसली? मग विचारा. मी विचारत सुटले. ही हिरवी रेघ कसली, हा आवाज कशाचा, छाती वर जाते ते ती श्वास घेते म्हणून की मशीन ढकलते म्हणून? मशीन ढकलते, रजनी सिस्टर म्हणाल्या. मी तिथेच उभं राहून बघत होते. मशीन सुस्कारा सोडायची आणि माझ्या मुलीची छाती वर यायची. खरं सांगू, मला भीती वाटत होती आणि कुतूहलही वाटत होतं, दोन्ही एकदम. आई असून मशीनचं कुतूहल वाटते म्हणून मी स्वतःला दोष दिला. आता देत नाही. त्या कुतूहलानंच मला त्या खोलीत उभं राहू दिलं.

नंतर सिस्टरनीच मला दटावलं. "दीदी, स्क्रीन मत देखो. बच्ची को देखो. उससे बात करो." मी बोलू लागले. एक दिवस बघितलं तर ओवीच्या दोन वेण्या घातलेल्या, टोकाला पट्टीच्या कापडाची फुलं बांधलेली. रजनी सिस्टरनी घातल्या होत्या. केसांचा गुंता झाला तर नंतर कापावे लागतील, म्हणाल्या. नंतर, हा शब्द त्यांनी किती सहज वापरला! मी बाहेर येऊन त्या एका शब्दासाठी रडले.

प्रशांत मात्र आत जाऊन नुसते बसायचे. मी म्हटलं, "काहून बोलत नाही तुम्ही तिच्याशी?" ते म्हणाले, "आत बोलायची सवय नाही."

कोणी आणलं

माणूस संकटात असला की त्याला गुन्हेगार हवा असतो. आमच्या घरी तो आयताच मिळाला. सासूबाईंनी स्वतःच स्वतःला पकडून दिलं.

"अवं, माह्या खोकल्यानंच झालं नं हे?" त्या मला म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. त्या दिवसापासून त्यांनी ताट वेगळं केलं, कोपऱ्यात बसून जेवू लागल्या. देवघरातले सगळे देव त्यांनी तांब्याच्या घंगाळात पाण्यात घातले. लेकरू घरी येईस्तोवर देवांना बाहेर काढणार नाही, असं देवांनाच बजावलं. मी चिडून म्हटलं, "आई, देवांचं काय चुकलं?" तर म्हणाल्या, "मंग माहं तरी काय चुकलं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मी हळूच विचारलं, की कोणाकडून आलं ते कळू शकते का. त्यांनी मला बसवलं. "आप बहुत अच्छे सवाल पूछती हैं. ये एक छोड़ दीजिए. इसका जवाब मिल भी गया तो किस काम का?" जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या सांगण्यावरून एक प्रश्न सोडून दिला. घरी जाऊन सासूबाईंचं ताट माझ्या ताटाशेजारी मांडलं. त्या तिथेच बसून जेवल्या.

प्रशांतचा एकच प्रश्न

एक सकाळ अशी आली की डॉक्टरांनी घोड्याचं नाव काढलं नाही. नुसतं म्हणाले, औषधं सगळी चालू आहेत, आज आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा. "कुछ पूछना है?" माझ्यासारखी बाई, आणि माझ्या तोंडाला कुलूप. तेव्हा मागून आवाज आला.

"साहब, ऑल क्लियर कौन देता है?"

प्रशांत होते. डॉक्टरांना कळलं नाही, मलाही नाही. मग हा माणूस बोलायला लागला, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. फॅक्टरीत आगीची कवायत होते. भोंगा वाजला की सगळे धावतात, पाण्याचे पाइप ओढतात, दारं बंद करतात. आग विझली तरी कोणी आपल्या मनानं थांबत नाही. दुसरा भोंगा वाजतो, सलग, लांब, तो ऑल क्लियर. तो वाजेपर्यंत पाणी मारत राहायचं, समोर आग असो नसो. "हमारी बेटी की आग तो बुझ गई, साहब. पानी बंद नहीं हो रहा. दूसरा भोंपू कौन बजाता है?"

डॉक्टर म्हणाले, "शरीर खुद. हम दवा देकर पानी का ज़ोर कम कर सकते हैं. वो भोंपू कब बजेगा, ये हमें भी पूरा नहीं मालूम." मोठ्या माणसांना 'माहीत नाही' म्हणवत नाही. त्यांनी म्हटलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

बाकावर बसल्यावर मी प्रशांतना म्हटलं, "इतक्या वर्षांत फॅक्टरीतलं हे पहिलं वाक्य सांगितलं तुम्ही." ते म्हणाले, "कवायत आहे. गुपित नाही." आणि तोंड फिरवून रडले. त्यांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला आणि काही विचारलं नाही.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या सकाळी डॉक्टर दारातूनच म्हणाले, "घोड़ा बैठ गया." मग एकेक औषध कमी झालं, सूज उतरली, तोंडातली नळी निघाली. ओवीनं डोळे उघडले, मला बघितलं, ओळखलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

घरी

इथे गोष्ट संपायला हवी ना? मलाही तसंच वाटलं होतं.

घरी आणायच्या आधी सासूबाईंनी सगळ्या लाइनीला ताकीद दिली, "पोरीसमोर दवाखान्याचं नाव काढू नका." प्रशांतना तर हा नियम पाठच होता. मीही मान डोलावली, म्हटलं लहान आहे, विसरून जाईल. फॅक्टरीवाल्यांच्या वस्तीत एखाद्या गोष्टीबद्दल न बोलणं सगळ्यांना किती छान जमते! जो येई तो हसून विचारी, "क्यों ओवी, मज़े में?" आणि लगेच शाळेचं, मांजरीचं बोलू लागे.

ओवी चांगली होती. हृदयाची तपासणी चांगली आली. पाय लटपटायचे, आवाज नळीमुळे घोगरा झाला होता. हळूहळू सुधारेल, डॉक्टर म्हणाले. खा म्हटलं की खायची, झोप म्हटलं की झोपायची. शेजारच्या दीदी म्हणाल्या, "कितनी सयानी हो गई!"

मला पहिल्यांदा खटकलं ते देवांच्या वेळी. सासूबाईंनी तिच्यासमोर घंगाळातून देव काढले, पुसले, जागेवर बसवले. ओवी बघत राहिली. पहिलेची ओवी असती तर? भगवान पानी में क्यों थे, साँस कैसे लेते थे, सर्दी नहीं हुई, काही काही सोडलं नसतं. ती गप्प बसून बघत होती. देव बसले, तिनं नमस्कार केला आणि कूस बदलून झोपली.

त्या आठवड्यात प्रशांत कामावर जाऊ लागले. संध्याकाळी स्कूटर थांबली. ते दारात आले, बूट काढायला वाकले, आणि हळूच वर बघितलं. ओवी खाटेवर बसून पंख्याकडे बघत होती. त्यांनी दुसरा बूटही काढला. मग नुसतेच उभे राहिले, मग हात धुवायला गेले.

माझी मुलगी घरी आली होती आणि तिचे प्रश्न आले नव्हते. याचा रिपोर्ट कुठे काढतात? मेंदूला काही झालं का, प्राणवायू कमी पडला का, असलं सगळं मनात यायचं. वाचली हेच खूप, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. पण मला माझी तीच ओवी परत हवी होती. मला लोभी म्हणा.

खव्याची जिलबी

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं सकाळीच गेलो. डॉक्टर खूश. त्यांनी ओवीलाच विचारलं, "कोई सवाल, मैडम?" तिनं मान हलवली. नाही.

बाहेर पडलो तर आयसीयूच्या दारातून रजनी सिस्टर निघाल्या. "अरे ओवी! पहचाना मुझे? तेरी चोटी मैंने बनाई थी!"

ओवीचा हात वेणीकडे गेला. तिनं तोंड उघडलं. मग तिनं बापाकडे बघितलं. आणि प्रशांतनी ओठ घट्ट मिटून मान किंचित हलवली. ती खूण मला चांगली ओळखीची आहे. बाजारात कोणी फॅक्टरीवाला आतलं काही बोलू लागला की ते अशीच मान हलवतात. ओवीनं तोंड मिटलं आणि सिस्टरना हात जोडून नमस्ते केलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पाठोपाठ राग. वाटेत पोहे-जिलबीचं दुकान लागलं तशी मी स्कूटर थांबवायला लावली. ओवीला बाकावर बसवलं आणि दोन पावलं बाजूला जाऊन प्रशांतवर बरसले.

"अहो, पोरीला काय वाटून राहिलं ते कळते का? तिला वाटते आजार म्हणजे तुमची फॅक्टरी! आतली गोष्ट, विचारायचीच नाही!"

"तिला भीती वाटेल म्हणून—"

"तिला नाही, आपल्याला वाटते. तुम्हाला, मला, आईंना. ती बिचारी आपली भीती सांभाळून राहिली."

दुकानदारानं खव्याची जिलबी पुढे केली, इथली असते तशी, काळपट, जाड. प्रशांतनी पुडा घेतला, ओवीसमोर बाकावर ठेवला. मग त्यांनी काय केलं? घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही खिशात टाकली. आणि लेकीसमोर उकिडवे बसले.

"ओवी, तुझे पता है तू अस्पताल में कहाँ थी? मैं बताऊँ?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी सांगायला सुरुवात केली. तू झोपली होतीस, औषधानं झोपवलं होतं. तोंडात नळी होती, म्हणून घसा दुखतो. हात बांधले होते, मारायला नाही, नळी निघू नये म्हणून. मी रोज येऊन तुझ्याजवळ बसायचो, बोलायचो नाही, माझं चुकलं. मम्मी मशीनचं सगळं विचारायची. दादीनं देव पाण्यात ठेवले होते. मशीन तुझ्यासाठी श्वास घेत होती.

"सच्ची?" घोगऱ्या आवाजात ओवी म्हणाली.

"सच्ची."

तिनं जिलबीचा तुकडा मोडला. त्यातून पाक ओघळला, तो बघत बसली. दुकानदाराची कढई चर्र वाजत होती. मग ओवीनं मान वर केली, कपाळाला आठी घातली. ती आठी मी महिनाभर बघितली नव्हती.

"पापा, मशीन मेरी साँस ले रही थी, तो मैं क्या कर रही थी?"

प्रशांत तिच्याकडे बघत राहिले. तोंड त्यांनी गंभीरच ठेवलं.

"तू? तू जलेबी बना रही थी."

ओवीनं त्यांच्याकडे बघितलं, जिलबीकडे बघितलं.

"कितनी?"

"वो तू बता. अंदर तो तू थी."

ती हसली. घोगरं, फाटकं हसू, पण ओवीचं. "गिनी नहीं," ती म्हणाली, आणि तुकडा तोंडात टाकला.

घरी जाताना ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि तोंड बंद होत नव्हतं. बिजली जाती तो मशीन का क्या होता? मेरे हाथ किस गाँठ से बाँधे थे? भगवान को सर्दी नहीं हुई? एम्बुलेंस की लाइट नीली क्यों होती है, मम्मी, आपने बताया ही नहीं था! मी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, नुसती ऐकत होते.

रिछाईच्या वळणावर प्रशांतनी स्कूटर हळू केली आणि मान मागे वळवली. त्यांचे डोळे भरले होते.

"ऐकून राहिली ना?" ते म्हणाले. "ऑल क्लियर."

"ऐकून राहिली," मी म्हटलं. "तुम्ही समोर बघून चालवा."